टॉवर स्पीकर

टॉवर स्पीकर (उभा स्पीकर किंवा फ्लोअरस्टँडिंग स्पीकर) हा स्टँड, टेबल वा फळीच्या आधाराशिवाय थेट जमिनीवर उभा राहणारा घरगुती लाउडस्पीकर होय. त्याची उंची साधारणतः ९० ते ११० सेंटिमीटर असते. एका उंच, अरुंद पेटीत दोन किंवा अधिक ध्वनिघटक एकाखाली एक बसवलेले असतात. स्टिरिओ श्रवणासाठी असे दोन स्पीकर जोडीने वापरतात. लहान आकाराच्या बुकशेल्फ स्पीकरच्या तुलनेत टॉवर स्पीकर अधिक खालचा खर्ज देऊ शकतो आणि मोठ्या खोलीत कमी ताणाने वाजतो. मात्र हा लाभ प्रत्येक घरात मिळतोच असे नाही. सुमारे २०० ते ३०० हर्ट्झच्या खालील आवाजावर लहान खोलीत स्पीकरपेक्षा खोलीचाच प्रभाव अधिक असतो. त्यामुळे टॉवर स्पीकरची निवड ही मुळात खोली, ऐकण्याचे संगीत आणि बसण्याची पद्धत यांच्याशी निगडित आहे.

## रचना आणि कार्य

स्पीकरमधील प्रत्येक ध्वनिघटकात लोहचुंबक, तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला शंकू किंवा घुमटाकार पडदा असतो. ॲम्प्लिफायरकडून येणारा विद्युतप्रवाह वेटोळ्यातून वाहू लागला की वेटोळे पुढेमागे हलते आणि पडद्यामुळे हवेत ध्वनिलहरी निर्माण होतात. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी हवेत जवळजवळ ७ मीटर असते, तर ३,००० हर्ट्झच्या लहरीची केवळ साडेअकरा सेंटिमीटर. इतक्या भिन्न लांबीच्या लहरी एकाच पडद्याने सारख्याच उत्तम रीतीने निर्माण करणे कठीण असल्याने काम वाटून दिलेले असते.

* वूफर : खर्जाचे स्वर देणारा मोठा शंकू. टॉवर स्पीकरमध्ये तो बहुधा ५ ते ८ इंचांचा असतो व अनेकदा असे दोन किंवा तीन वूफर असतात.
* मिडरेंज : मानवी आवाज व बहुतेक वाद्यांचा मधला पट्टा सांभाळणारा घटक.
* ट्वीटर : साधारण २,००० ते ३,००० हर्ट्झच्या वरचे स्वर देणारा लहान घुमट.
* क्रॉसओव्हर : वारंवारतेनुसार संकेताची विभागणी करून प्रत्येक घटकाकडे त्याचा वाटा पोहोचवणारे मंडल.

वूफर व ट्वीटर अशा दोनच घटकांत विभागणी असेल तर त्या स्पीकरला टू-वे आणि स्वतंत्र मिडरेंज असेल तर थ्री-वे म्हणतात. दोन सारख्या वूफरपैकी एक फक्त खर्जात मदत करतो आणि दुसरा मधल्या पट्ट्यापर्यंत वाजतो, त्या रचनेला टू-अँड-हाफ-वे असे नाव आहे.

पेटी दोन प्रकारची असते. बंद पेटीत वूफरच्या मागची हवा कोंडलेली असते व ती स्प्रिंगप्रमाणे काम करते. अशा पेटीचा खर्ज एका मर्यादेखाली प्रतिसप्तक १२ डेसिबल या दराने हळूहळू उतरतो. पोर्ट असलेल्या (बास-रिफ्लेक्स) पेटीत एक नळी असते. ठरावीक वारंवारतेला त्या नळीतील हवा अनुनादित होऊन खर्जाला साहाय्य करते. त्यामुळे खर्ज अधिक खालपर्यंत जातो, परंतु त्या मर्यादेनंतर तो प्रतिसप्तक २४ डेसिबल अशा दुप्पट वेगाने कोसळतो. बाजारातील बहुतेक टॉवर स्पीकर पोर्ट असलेले असतात.

## इतिहास

आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना पोर्ट असलेल्या पेटीचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. त्या काळी चांगला खर्ज हवा असेल तर पेटी कपाटाएवढी मोठी करावी लागे. १९५४ मध्ये एडगर व्हिलचूर यांनी बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज मिळवून दाखवला. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७० चे दशक) यांनी वूफर आणि पेटी यांचा मेळ गणिताने आधीच ठरवण्याची पद्धत दिली. या मोजमापांना आज थील-स्मॉल परिमाणे म्हणतात. अरुंद व उंच टॉवरची घडण याच गणितामुळे सुकर झाली.

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्यानंतर महाराष्ट्रातील घरांत संगीत प्रथम रेडिओच्या लाकडी पेटीतून आणि ग्रामोफोनमधून, पुढे रेडिओग्राम, कॅसेट व सीडी या मार्गाने पोहोचले. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने परदेशी बनावटीचे स्पीकर बाजारात सहज उपलब्ध होऊ लागले.

## निवडीचे निकष

### खोलीचा आकार

बंद खोलीत ध्वनिलहरी समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परततात आणि काही ठरावीक वारंवारतांना स्थिर लहरी तयार होतात. त्या वारंवारतांचे स्वर खोलीत एका ठिकाणी फुगतात, तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ नाहीसे होतात. ध्वनीचा वेग (उन्हाळी हवेत सेकंदाला सुमारे ३४६ मीटर) भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागला की त्या दिशेची सर्वांत खालची अनुनादी वारंवारता मिळते.

* १० × १२ फूट, उंची साडेनऊ फूट : सुमारे ५७, ४७ आणि ६० हर्ट्झ.
* १० × १० फूट, उंची १० फूट : तिन्ही दिशांना ५७ हर्ट्झ.
* १६ × २० फूट : लांबी-रुंदीच्या दिशांना सुमारे ३५ आणि २८ हर्ट्झ.

दुसरे उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. दहा बाय दहाची खोली महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. तिच्यात तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच वारंवारतेवर येऊन पडतात. परिणामी ५७ हर्ट्झच्या आसपासचा एकच स्वर ढोलासारखा घुमतो व बाकीचा खर्ज त्याखाली दडपला जातो. अशा खोलीत खर्ज जितका बलवान, तितका दोष अधिक उघड होतो. म्हणूनच लहान खोलीत मोठा टॉवर अनेकदा लहान स्पीकरपेक्षा अस्पष्ट वाजतो.

ढोबळ संकेत असा की १२० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीस बुकशेल्फ स्पीकर, १५० ते २०० चौरस फुटांस ५ ते ६ इंची वूफरचा सडपातळ टॉवर आणि २५० चौरस फुटांपुढील दिवाणखान्यास मोठा टॉवर साजेसा ठरतो. हा नियम नव्हे. भिंती व छप्पर कशाचे आहेत यावरही बरेच अवलंबून असते.

### भिंती, छप्पर आणि फरशी

पालघर जिल्हा या बाबतीत उत्तम उदाहरण आहे. सूर्या नदीकाठच्या मासवणसारख्या गावांत कौलारू घरे, कुडाच्या भिंती आणि नवी सिमेंटची घरे शेजारी शेजारी आढळतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात मात्र कामगार व कर्मचाऱ्यांच्या काँक्रीटच्या सदनिका मोठ्या संख्येने आहेत. तीच स्पीकरजोडी या दोन प्रकारच्या घरांत निराळी वाजते.

कारवीच्या काटक्यांवर माती-शेणाचा गिलावा दिलेला कूड हलका असतो. खर्जाच्या लहरी त्यातून बाहेर निघून जातात, त्यामुळे आत त्यांचा साठा होत नाही. उतरते कौलारू छप्पर आणि कौलांमधील फटी यांमुळेही स्थिर लहरी दुबळ्या राहतात. अशा घरात टॉवरचा खर्ज स्वच्छ पण काहीसा सौम्य ऐकू येतो आणि बाहेर अंगणात मात्र तो बराच जाणवतो.

काँक्रीटच्या भिंती, काँक्रीटचा स्लॅब आणि चकचकीत टाइल्स असलेल्या खोलीत याउलट घडते. खर्ज आत कोंडतो आणि वरचे स्वर कठीण पृष्ठभागांवरून पुनःपुन्हा परावर्तित होऊन निनाद वाढतो. वॉलेस सॅबिन यांच्या सूत्रानुसार निनादाचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि शोषक पृष्ठभागाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १० × १२ फुटांच्या रिकाम्या काँक्रीट खोलीत पृष्ठभागांचे सरासरी शोषण ५ टक्के धरल्यास हा काळ सुमारे १.७ सेकंद येतो. गादी, जाड पडदे, सतरंजी, कापडी सोफा, पुस्तकांचे कपाट अशा वस्तूंनी एकूण शोषण १० चौरस मीटरच्या तुल्य झाले, तर तोच काळ अर्ध्या सेकंदावर उतरतो. घरगुती श्रवणास अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा निनाद सोयीचा असतो. एवढा फरक स्पीकर बदलून पडत नाही. जाड गोधडी आणि पडदे यांचा खर्च महागड्या स्पीकरच्या किमतीपुढे नगण्य असतो. मात्र पातळ कापडी वस्तू वरचे स्वरच शोषतात, खर्जाचा कोंडमारा त्यांनी कमी होत नाही.

### संगीताचा प्रकार

टॉवर स्पीकरच्या किमतीचा मोठा भाग ३० ते ५० हर्ट्झचा शेवटचा खर्ज मिळवण्यात जातो. तो खर्ज ऐकल्या जाणाऱ्या संगीतात आहे का, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर लागते. काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्री गायिकेचा मध्य षड्ज २३३ हर्ट्झ व खर्ज ११७ हर्ट्झच्या जवळ येतो. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, अभंग आणि भावगीत यांचा मुख्य आशय या मर्यादेच्या वरच असतो. तंबोऱ्याची जवारी तर वरच्या स्वरांशांच्या समृद्धीतून जन्मते. तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे तिचे उपस्वर सुरेल प्रमाणात बसतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. हे उपस्वर नेमके ऐकू येण्यासाठी मधला पट्टा निर्मळ असणे खोल खर्जापेक्षा अधिक गरजेचे असते. वारली व इतर आदिवासी समाजांत वाजणाऱ्या तारप्याचा सलग, घुमता नादही मधल्या पट्ट्यातील सुस्पष्टतेवरच उभा राहतो.

१९२५ पूर्वीच्या, कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांत खर्ज व तीव्र स्वर दोन्ही फारसे नसतात. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील गाणी मोठ्या टॉवरवर ऐकल्याने त्यांत नवा खर्ज उत्पन्न होत नाही. उलट घरघर व खरखर अधिक उघडी पडू शकते.

याउलट पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झ, तर बास गिटारची जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. पाश्चात्त्य वाद्यवृंद, इलेक्ट्रॉनिक खर्ज असलेली आजची चित्रपटगीते आणि चित्रपटांचे ध्वनिपरिणाम यांसाठी टॉवर स्पीकर किंवा स्वतंत्र सबवूफर उपयुक्त ठरतो.

### बसण्याची पद्धत

ट्वीटर श्रोत्याच्या कानाच्या पातळीवर असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. टॉवर स्पीकर खुर्ची वा सोफ्यावर बसलेल्या श्रोत्यासाठी आखलेले असतात. त्या श्रोत्याचा कान जमिनीपासून ९५ ते १०० सेंटिमीटर उंचीवर असतो. भारतीय बैठकीत, गादीवर मांडी घालून बसल्यावर कान साधारण ७५ ते ८० सेंटिमीटरवर येतो. अडीच मीटर अंतरावरून हा फरक चार-पाच अंशांचा असतो व तो सहसा जाणवत नाही. दीड मीटरवर मात्र तो सात-आठ अंशांपर्यंत जातो आणि वूफर व ट्वीटर यांच्या सांध्यावरील स्वर दबू शकतात. स्पीकर पुढे झुकवणे हा उपाय उंच पेटीच्या बाबतीत धोक्याचा आहे. नित्य बैठकीवर बसून, जवळून ऐकणाऱ्या घरात ठेंगण्या चौरंगावर किंवा स्टँडवर ठेवलेला बुकशेल्फ स्पीकर अधिक योग्य होय.

### संवेदनशीलता, इंपीडन्स आणि ॲम्प्लिफायर

संवेदनशीलता म्हणजे २.८३ व्होल्ट संकेत दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो त्याचे माप. ८ ओहमच्या स्पीकरच्या बाबतीत हा संकेत एक वॉटचा असतो. घरगुती टॉवरचे हे माप बहुधा ८५ ते ९१ च्या दरम्यान असते. तितकाच आवाज मिळवण्यासाठी ३ डेसिबलच्या उणिवेस दुप्पट आणि ६ डेसिबलच्या उणिवेस चौपट शक्ती लागते.

८७ डेसिबल संवेदनशीलतेची जोडी एकेका वॉटवर मध्यम आकाराच्या खोलीत ८० डेसिबलच्या पुढे आवाज देते. संगीतातील क्षणिक आघात सरासरीहून २० डेसिबलने वर जाऊ शकतात व त्या क्षणी शंभरपट शक्ती लागते. त्यामुळे ५० ते १०० वॉटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर बहुतेक घरांस पुरतो. वेष्टनावर ठळक छापलेली हजारो वॉटची ‘पीएमपीओ’ संख्या निवडीस निरुपयोगी असते. सतत देता येणारी, म्हणजे आरएमएस शक्ती पाहावी लागते.

इंपीडन्स (संरोध) ८, ६ किंवा ४ ओहम असा नमूद असतो. तो सरासरी आकडा असून काही वारंवारतांना प्रत्यक्ष संरोध बराच खाली जातो. ४ ओहमची जोडी स्वस्त ॲम्प्लिफायरला जोडल्यास तो तापून बंद पडण्याची शक्यता असते. अनेक वूफर समांतर जोडलेल्या टॉवरमध्ये ही बाब आवर्जून तपासतात.

## बुकशेल्फ स्पीकरशी तुलना

| बाब | टॉवर स्पीकर | बुकशेल्फ स्पीकर |
|---|---|---|
| खर्ज | साधारण ३५–४५ हर्ट्झपर्यंत | साधारण ५०–६५ हर्ट्झपर्यंत |
| जागा | पेटीपुरती | स्टँड असल्यास जवळजवळ तितकीच |
| अतिरिक्त खर्च | सहसा नाही | स्टँड, हवा असल्यास सबवूफर |
| लहान खोलीत | खर्ज घुमण्याचा संभव अधिक | तुलनेने सोपा |
| मोठ्या खोलीत | ताण न येता वाजतो | मोठ्या आवाजात मर्यादा जाणवते |
| बैठकीवरून श्रवण | उंची जास्त पडते | उंची हवी तशी ठेवता येते |
| स्थलांतर | जड, दोन माणसांचे काम | सुकर |

जमिनीवर व्यापलेली जागा दोहोंत जवळजवळ सारखीच असते, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. तेवढ्याच किमतीच्या दोन स्पीकरांत टॉवरचा बराच पैसा पेटी व अधिक घटकांवर खर्च होतो. म्हणून मर्यादित खर्चात चांगला बुकशेल्फ स्पीकर मधल्या पट्ट्यात सरस ठरू शकतो.

## मांडणी

दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ही प्रचलित मांडणी आहे. स्पीकर मागच्या भिंतीजवळ नेल्यास खर्ज वाढतो आणि कोपऱ्यात नेल्यास आणखी वाढतो. भिंतीवरून परतलेली लहर मूळ लहरीस छेद देऊन एक ठरावीक स्वर पुसून टाकते. वूफरपासून भिंत ६० सेंटिमीटरवर असेल तर १४४ हर्ट्झच्या आसपास, एक मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपास ही खोच पडते. मागील बाजूस पोर्ट असलेल्या टॉवरला मागे किमान ३० ते ६० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. जेथे एवढी जागा सोडता येत नाही तेथे पुढे पोर्ट असलेला किंवा बंद पेटीचा स्पीकर निवडतात. श्रोत्याची बैठक खोलीच्या नेमक्या मध्यावर वा मागच्या भिंतीला टेकून नसावी, कारण स्थिर लहरींचा परिणाम तेथे तीव्र असतो.

## खरेदीपूर्व श्रवणचाचणी

पालघर, बोईसर परिसरातील ग्राहकांना पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्थानकाजवळची लॅमिंग्टन रोडची (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) इलेक्ट्रॉनिक बाजारपेठ परिचित आहे. दुकानातील श्रवणदालन मोठे व शोषक आच्छादनांनी सज्ज असल्यास तेथील खर्ज घरातील खोलीत तसाच येत नाही. चाचणीच्या वेळी पुढील गोष्टी पाळल्या जातात.

* ओळखीच्या ध्वनिमुद्रणांचाच वापर : एक गायन, एक तबलावादन आणि एक खोल खर्जाचे गीत.
* दोन्ही जोड्यांचा आवाज समान ठेवणे, कारण एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर चांगला भासतो.
* घाई न करता दीर्घकाळ ऐकणे. पहिल्या क्षणी चमकदार वाटणारा ट्वीटर तासाभराने कान शिणवू शकतो.
* शक्य असल्यास घरी ऐकून पाहण्याची किंवा परत करण्याची सवलत मागणे.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पडद्याआड व एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकले. स्पीकर दिसू लागताच मोठ्या व आकर्षक स्पीकरना मिळणारे गुण वाढले आणि लहान व स्वस्त संचाचे गुण घटले. टॉवर स्पीकरचे भारदस्त रूप कानांच्या निर्णयावर परिणाम करते, याचा हा पुरावा मानला जातो. टूल यांच्या दीर्घ संशोधनाचा निष्कर्षही बोधप्रद आहे. समोरच्या दिशेने सपाट आणि बाजूंनीही सुरळीत प्रतिसाद देणारा स्पीकर श्रोत्यांना बहुतांशी पसंत पडतो, मग त्याचा आकार कोणताही असो.

## हवामान आणि देखभाल

पालघरच्या किनारी पट्ट्यात पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेत क्षार व दमटपणा असतो. शंकूभोवतीची लवचीक कडा फोमची असल्यास ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. रबरी कडा अधिक टिकते. पेटीसाठी वापरलेला एमडीएफ पाणी शोषून फुगतो, म्हणून ओल येणाऱ्या भिंतीपासून व धुतल्या जाणाऱ्या फरशीपासून स्पीकर थोडा वर व दूर ठेवतात. जोडणीच्या धातूच्या टोकांवर गंज चढल्यास संपर्क बिघडतो, वर्षातून एकदा ती पुसून घट्ट करणे पुरते. पोर्टच्या नळीतून पाली, झुरळे व उंदीर आत शिरू नयेत म्हणून स्पीकर बंद असताना नळीत स्पंजाचा बोळा बसवतात.

वीजदाब कमी-जास्त होणाऱ्या भागात अंगभूत ॲम्प्लिफायर असलेल्या टॉवरपेक्षा साधा टॉवर व वेगळा ॲम्प्लिफायर ही जोडी दुरुस्तीस सोपी पडते. बिघडलेला भाग तेवढाच वेगळा काढून नेता येतो.

## सुरक्षितता, शेजारधर्म आणि कायदा

उंच व अरुंद पेटी सहज कलंडू शकते. लहान मुले असलेल्या घरात रुंद पाय (आउटरिगर) लावणे किंवा पेटी पट्ट्याने भिंतीला बांधणे हितावह असते. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवास आली. अशा प्रदेशात ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. शेणाने सारवलेल्या वा ओबडधोबड जमिनीवर पेटीखाली सपाट लादी ठेवतात.

खर्जाचा आवाज भिंती व स्लॅब यांतून इतर स्वरांपेक्षा सहज पलीकडे जातो. स्वतःच्या खोलीत मध्यम वाटणारे संगीत शेजारच्या सदनिकेत केवळ धडधड म्हणून पोहोचते. पेटीखाली जाड रबरी गादी ठेवल्याने लादीतून जाणारी कंपने काही अंशी कमी होतात, हवेतून जाणारा खर्ज मात्र थांबत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक वाढता कामा नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. ध्वनिपातळीत ३ डेसिबलची वाढ झाली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. मोठे टॉवर स्पीकर विकृती न जाणवता मोठा आवाज देऊ शकतात. त्यामुळे आवाज मर्यादेपलीकडे गेल्याचे कानांना लवकर उमगत नाही.

## हे सुद्धा पहा

* ध्वनी
* निनाद
* ॲम्प्लिफायर
* तंबोरा
* तारपा
* ध्वनिप्रदूषण